आठवड्याला दोनच एपिसोड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांवरच्या इंग्लिश सिरियल्सचा विषय निघाला की लोक एकच बोलतात, कपडे काय सुंदर, बंगले काय मोठे. तुमच्या पुरवणीतल्या लेखाचा सूरही तोच होता म्हणून लिहितेय. खरं सांगते, वाईट वाटलं. या सिरियल्सचा जीव कपडेपटात नाहीये हो, हप्त्यांमध्ये आहे.

मुळात या कादंबऱ्या सिरियलच होत्या. डिकन्सची 'ब्लीक हाऊस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ दर महिन्याला एक पातळसा अंक अशी निघाली, किंमत एक शिलिंग, आणि पुढे काय झालं ते कळायला वाचकाला महिनाभर थांबायला लागायचं. बीबीसीने २००५ मध्ये ती केली तेव्हा हे बरोब्बर ओळखलं, १५ एपिसोड, पहिला तासाचा आणि बाकीचे अर्ध्या तासाचे, आठवड्यातून दोनदा, तेही 'ईस्टएंडर्स' ही लोकप्रिय मालिका संपल्या संपल्या म्हणजे रोजच्या मालिका बघणारा माणूस उठून जायच्या आत डिकन्स सुरू. कोणी म्हणेल डिकन्सची सोप ऑपेरा करून टाकली, पण मला तर वाटतं तो होता तिथेच त्याला परत नेऊन बसवला.

त्यातला एक सीन सांगते. वकील टल्किंगहॉर्न कोर्टाचे कागद घेऊन आलाय, बड्या घरची लेडी डेडलॉक कंटाळून बसलीय, सहज नजर कागदावर जाते आणि ते अक्षर बघून ती विचारते, हे कोणी लिहिलंय? एवढंच. आणि तिला चक्कर येते. जिलियन अँडरसनचा भारी ड्रेस तेव्हा कोणाला दिसतो? आपण बघतो तिचा चेहरा आणि तिच्याकडे बघणारा तो वकील, चार्ल्स डान्स, ज्याच्या तेवढ्यात लक्षात आलंय की इथे काहीतरी आहे. पुढची सगळी गोष्ट त्या हस्ताक्षरातून सुटत जाते.

तसंच २००४ ची 'नॉर्थ अँड साउथ', एलिझाबेथ गॅस्केलची. सगळे गिरणीमालक थॉर्नटन झालेल्या रिचर्ड आर्मिटेजबद्दल बोलतात, बोलू देत, पण नायिका मार्गारेट गिरणीचं दार उघडते आणि आत बर्फ पडल्यासारखा कापूस उडत असतो ते आठवा. दिसायला इतकं सुंदर, आणि तोच कापूस छातीत जाऊन गिरणीत काम करणारी बेसी मरते. शेवटी स्टेशनवर मार्गारेट आणि थॉर्नटन भेटतात तेही कादंबरीत नाहीये, तिथे लंडनमधल्या एका घरात दोघांचं बोलणं सुरू होतं ते गिरणीसाठी ती देणार असलेल्या कर्जाचं. मला तो पुस्तकातला शेवट जास्त आवडतो, बाईच्या हातात पैसा आहे आणि तो कसा द्यायचा हे सांगताना तिची जीभ अडखळतेय, याच्याइतकं रोमँटिक काय असणार.

माझी तक्रार आहे ती घाईबद्दल. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये आठवड्याला एक अशी ३६ आठवडे चालली आणि २०११ मध्ये बीबीसीने ती तीन एपिसोडमध्ये उरकली. सेट सुरेख, लग्न मोडल्यावर स्वतःला कोंडून घेतलेल्या मिस हॅविशमचं घर अंगावर येतं, पण अनाथ पिपला त्याचा लोहार मेव्हणा जो गार्जरी ज्या मायेने वाढवतो ती माया मुरायला वेळच मिळत नाही, मग पुढे पिपला त्याच जोची लाज वाटते तेव्हा आपल्या पोटात जे तुटायला हवं ते तुटत नाही. कपडे तीन तासांतही दाखवता येतात, माणसं नाही दाखवता येत.

आणि एक छोटी दुरुस्ती, लेखात 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ही व्हिक्टोरियन म्हटलीय. जेन ऑस्टिन १८१७ मध्ये गेली, व्हिक्टोरिया राणी झाली १८३७ मध्ये.

ज्यांनी 'ब्लीक हाऊस' अजून बघितली नसेल त्यांना एकच विनंती, एका रविवारी बसून संपवू नका. आठवड्याला दोन एपिसोड बघा आणि मधले दिवस त्या अक्षराचा विचार करत राहा.

आपली,
एक नियमित वाचक