डॉक्टरांसमोर टोपी काढ

मिरज

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत चार दिवस घरी होतास आणि चारही दिवस डोक्यावर टोपी. अभ्यंगस्नानाला आईच्या हातून तेलही लावून घेतलं नाहीस. तिला वाटलं, पोरगा मोठा झाला, लाजतो. मला कारण कळलं पाडव्याच्या सकाळी, कारण बाथरूमच्या फळीवर तुझी दाढीच्या सामानाची पिशवी उघडीच राहिली होती. मिनॉक्सिडिलची बाटली आणि फिनास्टेराइडची पट्टी, दोन्ही केसगळतीची औषधं; पट्टीतल्या आठ गोळ्या संपलेल्या. पिशवी मी चाळली नाही. पण तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाला पट्टी लांबूनही वाचता येते.

रागावलेलो नाही. फोनवर विषय काढला असता तर ‘हो बाबा, बघतो’ म्हणून तू तो बदलला असतास, म्हणून हे पत्र.

टकलाची लाज वाटू देऊ नकोस, असं तुला सांगायचा मला अधिकार नाही. आईच्या घरी पत्रिकेसोबत गेलेला माझा फोटो फेट्यातला होता. आपल्याकडे शेतीची वाटणी होता होता काही उरलं नाही. टक्कल मात्र आजोबांपासून सगळ्यांना अख्खंच्या अख्खं मिळालं. लोक म्हणतात ते आईकडून येतं. त्यातला एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो हे खरं, पण बाकीचे पुष्कळ दोन्हीकडून येतात, त्यामुळे तिच्यावर ढकलून मी सुटत नाही.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितलेली नाही. दुकानाच्या शेवटच्या दहाएक वर्षांत रात्री शटर ओढायच्या वेळेला तुझ्या वयाची पोरं यायची. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला मोबाईल बघत उभी राहायची, मग हळूच मित्राने लिहून दिलेलं नाव पुढे करायची. फिनास्टेराइड शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मला ते पाठ होतं. तरी मी देत होतो. नाही दिलं तर पलीकडचा देईल, हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं समर्थन. त्यातला एक मुलगा तीन-चार महिन्यांनी आला आणि गल्ल्याकडे बघत म्हणाला, ‘काका, याने बाकी काही होतं का?’ काय विचारतोय ते मला लगेच समजलं. मी म्हणालो, ‘थोडे दिवस बंद करून बघ.’ बस. ना धड विचारलं, ना डॉक्टरांकडे पाठवलं. दोघेही अवघडलो होतो. तो परत आला नाही.

तू तर दुकानाची पायरीही चढला नाहीस. हल्लीच्या पोरांसारखा ॲपवर फॉर्म भरला असशील, कोणीतरी चार मिनिटं फोनवर बोललं असेल आणि डबा घरी आला असेल. त्या फॉर्ममध्ये डेंगीबद्दल काही होतं का? ऑगस्टमध्ये तू आठवडाभर तापाने फणफणला होतास. असा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात, आणि बहुतेकांचे पुढच्या सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. त्याला फिनास्टेराइड लागत नाही. थायरॉईड बिघडला, अंगात लोह कमी पडलं, कडक डाएट केलं, तरी केस जातात. तुझ्या कानशिलावरचे कोपरे मागे सरकलेले दिसतात ते आपलं घराणं असावं. पण वरून जे गळतंय ते डेंगीचंही असू शकेल, दोन्ही एकदम असू शकेल. स्किनचे डॉक्टर छोट्या भिंगाच्या यंत्रातून टाळू बघतात. वंशाचं टक्कल असेल तर जाड केसांत बारीक, मरगळलेले केस मिसळलेले दिसतात. फोनवरून हे कोणाला दिसणार?

औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यातून हा लावायचा द्राव निघाला. फिनास्टेराइड तर मीच घेतो, प्रोस्टेटसाठी, ५ मिलिग्रॅम. तुमची गोळी १ मिलिग्रॅमची. पुरुषी हार्मोनचं डीएचटी नावाचं जे रूप अंगात तयार होतं, ते या गोळीने बरंच कमी होतं. पुढची आणि टाळूवरची मुळं त्याच डीएचटीने आखडतात, मागची आखडत नाहीत, म्हणून ट्रान्सप्लांटला मागचे केस घेतात. (स्वस्तात पडतं म्हणून माझी गोळी सुरीने चार तुकडे करून खाणारी पोरंही मी पाहिली. तो उद्योग करू नकोस.) दोन्ही औषधांचा परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात. मिनॉक्सिडिलने तर सुरुवातीला केस आणखी गळतात, आणि तिथेच घाबरून पुष्कळ जण सोडून देतात. सोडलं की मिळवलेलं वर्षभरात जातं. म्हणजे आत्ता सुरू करतोयस ते दोन महिन्यांचं काम नाही, हे धरून चाल.

आता जे लिहायला मला दोन दिवस लागले ते. शंभरात एक-दोघांची या गोळीने इच्छा कमी होते किंवा त्या बाबतीत त्रास होतो. बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो; काहींनी तो नंतरही टिकल्याचं सांगितलंय. मला सांगू नकोस, पण डॉक्टर विचारतील तेव्हा त्या मुलासारखा गल्ल्याकडे बघू नकोस. दुसरं, मनावरचा परिणाम. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं नक्की केलं. किती जणांना होतो ते सांगता येत नाही, पण होतो. थर्ड इयरला असताना तू जवळजवळ दीड महिना खोलीबाहेर येत नव्हतास. तेव्हा आम्ही त्याला अभ्यासाचं टेन्शन म्हणत राहिलो. ते काय होतं हे मला आजही ठाऊक नाही, पण फॉर्ममध्ये मनाच्या त्रासाच्या प्रश्नापुढे तू ‘नाही’वर टिक केली असणार, एवढं मी तुला ओळखतो. डॉक्टरांना ते दीड महिने सांग. ते ऐकूनही त्यांनी गोळी दिली तर खुशाल घे. नको म्हणाले तर नुसता द्राव लाव. आणि तोवर, गोळी चालू असताना मन उगाच खचल्यासारखं वाटलं तर ती तिथेच थांबव आणि त्याच दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असू देत.

गोळी चालू असेल तर रक्तदान नाही. शेवटच्या गोळीनंतर निदान महिना जाऊ दे. २६ जानेवारीच्या शिबिराला तू दरवर्षी जातोस म्हणून लिहिलं. द्राव लावल्यावर हात साबणाने धू आणि तुझ्या त्या मांजरीला डोक्यापाशी झोपवू नकोस, मिनॉक्सिडिल मांजरांना विषासारखं आहे. उशीचा अभ्राही तिला चाटू देऊ नकोस.

पुण्यात डॉक्टर निवडताना पाटी वाच. ‘हेअर क्लिनिक’ कोणीही लिहितं, त्वचारोगात एमडी आहे का ते बघ. पहिल्याच भेटीत पॅकेज सांगितलं तर उठून ये. फीचे पैसे पाठवतो; नको म्हणू नकोस.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, पण तिला कळलेलं दिसतंय. परवापासून गॅसवर जास्वंद आणि माका घालून तेल उकळतंय, घरभर वास सुटलाय. बाटली शनिवारच्या गाडीने येईल.

तुझा,
बाबा