निळे पेट्रोल अजून आमच्या हातांवर आहे : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगार मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

छोट्या विमानांत इंधन भरणाऱ्या आणि त्यांची इंजिने उघडणाऱ्या कामगारांची वर्षातून दोनदा शिशाची तपासणी होईल, असा शब्द आपल्या खात्याने दिला होता. परवा त्याचे लेखी उत्तर हाती पडले : शिसेयुक्त पेट्रोल जगभरातून हद्दपार झाले असल्याने स्वतंत्र तपासणीची आवश्यकता वाटत नाही. खाली सही, शिक्का, विषय बंद.

हे उत्तर चूक आहे. हद्दपार झाले ते मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल. अल्जेरियातल्या पंपांवर त्याची विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली आणि ती बातमी जगभर गेली. पिस्टन इंजिनाच्या विमानांचे '१०० एलएल' मात्र आजही टँकरमधून येते, रंगाने निळे. एलएल म्हणजे लो लेड, कमी शिशाचे. हे 'कमी' एका लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत असू शकते. एका विमानात २०० लिटर भरले की कामगाराच्या हातातल्या नळीतून शंभर ग्रॅमहून जास्त शिसे जाऊ शकते. जुन्या हिरव्या इंधनात याच्या दुप्पट शिसे चालत असे, म्हणून हे कमी. माणसाच्या अंगाला किती सोसते, त्यावरून हे नाव पडलेले नाही.

आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा उड्डाणापूर्वीची टाकी-तपासणी जवळून पाहावी. टाकीत पाणी साचले आहे का, हे बघायला पंखाखालच्या ड्रेनमधून नमुना काढतात. पारदर्शक पेल्याची पिन झडपेत दाबली की इंधन खाली येते. पंख उंच असला की हात डोक्याच्या वर जातो, त्यामुळे सांडलेले पेट्रोल बोटांवरून मनगटाकडे आणि तिथून बाहीत उतरते. जेमतेम ३० मिलिलिटरच्या नमुन्यात १७ मिलिग्रॅमच्या आसपास शिसे असू शकते. प्रौढ माणसाच्या रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसे सापडले, तर अमेरिकेत ते वाढलेले धरतात. अंगात पाच लिटर रक्त धरले, तर या पातळीला सगळ्या रक्तात मिळून शिसे भरते ०.१७५ मिलिग्रॅम. म्हणजे त्या एका पेल्यात याच्या जवळजवळ शंभरपट. सगळे काही कातडीतून आत जात नाही, हे आम्हालाही कळते. पण आमच्या कामावर किती जाते, हे मोजायला कोणी आलेले नाही.

आणि मोजायचे म्हटले तरी कसे, यातच खरी मेख आहे. बॅटरीच्या कारखान्यातले शिसे धूळ आणि धूर होऊन नाकातोंडावाटे जाते. कातडी ते बऱ्यापैकी अडवते. पेट्रोलमधले टेट्राएथिल लेड हे सेंद्रिय शिसे, म्हणजे कार्बनशी जोडलेले. ते स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे ते कातडीतून सरळ आत शिरते. यकृतात त्याचे ट्रायएथिल लेड होते आणि ते मेंदूवर जाते. आधी झोप उडते, भयानक स्वप्ने पडतात, चिडचिड होते, हात थरथरतात. मात्रा मोठी असेल तर भ्रम होतात. अशा विषबाधेत रक्तातले शिसे लक्षणांच्या मानाने फारसे वाढलेले दिसत नाही, म्हणून लघवीतले शिसेही तपासावे लागते. नुसते रक्त पाहिले की कागदावर 'नॉर्मल' येते आणि माणसाला ताण कमी घ्या म्हणून घरी पाठवतात.

खात्याने नमुना म्हणून पुढे केलेला अमेरिकेचा १९७८ चा शिसे-नियम याच जागी तोकडा पडतो. त्याच्या व्याख्येतून सेंद्रिय शिसे वगळले आहे. टेट्राएथिल लेडला वेगळ्या तक्त्यात हवेच्या घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आणि 'कातडी', म्हणजे कातडीतूनही आत जाते, अशी एक नोंद दिली आहे. त्या नोंदीतून कोणाची वैद्यकीय तपासणी सक्तीची होत नाही.

इंजिनात जळाल्यावर हेच शिसे धूळ होऊन परत येते. ते बाहेर पडावे म्हणून इंधनात एथिलीन डायब्रोमाइड घालतात, त्यानेही कॅन्सर होण्याची दाट शक्यता मानली जाते. तरी सगळे शिसे धुरातून जात नाही. इंजिनाच्या खालच्या स्पार्क प्लगमध्ये करड्या मण्यांसारखे गोळे धरतात. मेकॅनिक ते टोच्याने काढतो, प्लग सँडब्लास्ट करतो आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारतो. त्या हवेने टेबलावरची पूड थेट तोंडावर येते. काढलेल्या इंजिन ऑइलमध्येही शिसे असते. ओव्हरऑल घरी धुतला की ते लेकरांपर्यंत पोचते.

हातमोजे दिले आहेत, असे आपले निरीक्षक लिहून गेले. कोणते? सुती मोजे पेट्रोल पितात आणि तेच कातडीला धरून ठेवतात, त्यापेक्षा मोकळा हात लवकर वाळतो. पातळ नायट्राइल मोजा एखाद्या शिंतोड्यापुरता. तो भिजला की लगेच बदलावा लागतो, नाहीतर काही मिनिटांत पेट्रोल आत झिरपते. नळी-नोझलच्या कामाला जाड, लांब बाहीचा आणि पेट्रोलसाठी तपासलेला मोजा लागतो. पुडीसाठी पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा, मास्क. वाफेला तो फिल्टर चालत नाही, तिथे सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज लागते. टाकीचा गाळ उपसायला तर कार्ट्रिजही पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. शिसे गाळात आणि गंजाच्या पापुद्र्यात धरून राहते. टाकी वायुमुक्त, म्हणजे आत पेटणारी वाफ नाही, असे ठरवून वेल्डिंगला दिली की तापलेल्या गंजातून ते पुन्हा बाहेर पडते.

यातले काहीही नवे नाही, याचीच सर्वात जास्त चीड येते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे टेट्राएथिल लेड बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तिथले कामगार त्या द्रव्याला वेड लावणारा गॅसच म्हणत. मे १९२५ मध्ये याच द्रव्यावर वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत कामगारांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी जाहीर विरोध केला. तरी मधे थांबलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशके उद्योगाच्या पैशावर संशोधन करणारे डॉ. रॉबर्ट केहो सांगत राहिले की थोडे शिसे अंगात असणे नैसर्गिकच आहे. धोका आहे हे कामगाराने सिद्ध करायचे, आणि तेही स्वतःच्या शरीरावर, ही रीत तिथून पडली. आपल्या खात्याचे पत्र त्याच रीतीचे आहे. शंभर वर्षांत फायली बदलल्या, टिपणीची भाषा बदलली, पण तपासणीचा खर्च कोणाच्या माथी मारायचा यावर अडलेले घोडे तिथेच आहे.

पर्याय येत आहेत. अमेरिकेत १०० ऑक्टेनच्या शिसेविरहित विमान-इंधनाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि २०३० अखेर शिसे संपवायचे तिथले उद्दिष्ट आहे. युरोपात १ मे २०२५ पासून टेट्राएथिल लेड वापरायला खास परवानगी लागते. पण तोवर नोझल आमच्याच हातात आहे.

म्हणून मागणी एवढीच. शिसे-नियमाच्या व्याख्येत सेंद्रिय शिसे घाला. रक्त आणि लघवी दोन्ही तपासा आणि अहवाल आधी कामगाराच्या हातात द्या. आकडा वाढला तर पगार न कापता त्याला दुसरे काम द्या. शिसे हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत जाते, म्हणून या कामावरच्या बायकांना ते आधी सांगा आणि मागतील तेव्हा काम बदलून द्या. प्लगच्या टेबलावर कॉम्प्रेसरची हवा बंद करून ओले फडके आणि बारीक धूळ धरून ठेवणारा हेपा व्हॅक्यूम सक्तीचे करा. ओव्हरऑल कामावरच धुतले जावेत. नमुन्याचे पेट्रोल ओतायला झाकणाचा डबा ठेवायला लावा आणि पेट्रोलने हात धुण्यावर बंदी घाला. ती सवय अजून मोडलेली नाही.

पुढच्या पत्रात 'हद्दपार' हा शब्द नको. नियमाचा क्रमांक आणि तो लागू होण्याची तारीख कळवावी.

आपले,
विमान-इंधन आणि देखभाल कामगार