रिम ‘बसते’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या सजवण्यावर लेख आला होता. फोटो झकास होते. पण त्यात जाता जाता एक सल्ला आहे, की आवडलेल्या अलॉय रिम बसत नसतील तर हब, म्हणजे रिम ज्यावर बोल्टांनी आवळतात तो गाडीचा भाग, थोडे बदलून घ्यावेत. या ‘थोडे’पायी हे पत्र लिहितोय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथ चालवतो. महिन्याकाठी एक-दोन पोरं तरी नव्या रिम बसवायच्या म्हणून हब नाहीतर ब्रेकचा ड्रम पिशवीत घालून येतात. ‘मामा, चार भोकं मारून द्या, दहा मिनिटांचं काम हाय.’ बहुतेकांना मी परत पाठवतो. हे शहाणपण मला आंबा घाटात आलं.

माझी २००२ ची फियाट पॅलिओ आहे, तेरा इंची लोखंडी चाकांची. पाच वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी एका दुकानातून अलॉय घेतल्या. दुकानदार म्हणाला, ‘चार बोल्टच्या आहेत, बसतात.’ आणि बसल्याही. खिशात कायम व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असणारा माणूस मी, पण त्या दिवशी तो काढला नाही. फियाटचा पीसीडी, म्हणजे चारही बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ९८ मिलिमीटर. बाजारात चार बोल्टच्या रिम जास्त करून १०० च्या, कारण स्विफ्ट, आय-टेन यांचं माप ते. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे एका भोकाला एकच. डोळ्याला दिसत नाही आणि पान्यालाही कळत नाही. बोल्ट कचकचून आवळला जातो.

रत्नागिरीला निघालो होतो. मलकापूर मागे पडल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि घाट लागल्यावर पुढून डावीकडून टक टक. उतरून बघतो तर एक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. दुसराही ढिला. सगळे आवळले, दर दहा किलोमीटरला थांबून पाना लावत रत्नागिरी गाठली. बायको शेवटी म्हणाली, पाना मांडीवरच ठेवा. घरी येऊन रिम उतरवली तर बोल्टच्या भोकाच्या टेपरवर, म्हणजे बोल्टचं डोकं टेकतं त्या उतरत्या कडेवर, एकाच अंगाला घासून चकाकलेली चंद्रकोर उमटलेली, बाकी सगळीकडे रंग जसाच्या तसा. म्हणजे बोल्टचं डोकं एवढ्याशा कोरीवर टेकून होतं.

लोकांना वाटतं चाकाचं वजन बोल्टवर टांगलेलं असतं. बोल्टचं काम रिम हबच्या तोंडावर दाबून धरण्याचं. ती दोन तोंडं एकमेकांना घट्ट धरतात त्यावर चाक चालतं. टेपर एका अंगाला टेकला की धक्क्यांनी तेवढी जागा दबते, दाब जातो आणि बोल्ट सुटायला लागतो. पुन्हा आवळणं हा त्यावर इलाज नाही, ते मी शंभर किलोमीटर करून पाहिलंय.

आता खरोखर हब बदलायचेच म्हटलं तर? जुन्या भोकांना चिकटून नवी मारता येत नाहीत, दोन भोकांच्या बरोबर मधे मारावी लागतात. तिथे पुरेसं मटेरियल आहे का ते आधी बघायचं. सगळ्या हबचं तोंड पूर्ण गोल नसतं. मग मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे वर्तुळाचे सारखे भाग पाडणारं साधन, लावून भोकं, फियाटला बारा बाय सव्वाचे आटे, म्हणजे बोल्ट बारा मिलिमीटर जाड आणि दोन आट्यांत अंतर सव्वा मिलिमीटर. डिस्क आणि ड्रम यांनाही तीच भोकं, कारण त्यांच्यातूनच बोल्ट जातात. शेवटी डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून हब फिरवताना तोंड डोलतं का ते तपासायचं. जुनी भोकं वेल्डिंगने बुजवा म्हणणाराला मी चहा पाजून वाटेला लावतो. त्या उष्णतेने हब वाकडा झाला तर पुढचं सगळंच वाया. एका गाडीला माझे दोन दिवस जातात आणि होणारी मजुरी ऐकून गिऱ्हाईक गप्प होतं. दहा मिनिटांचं काम ते हे.

डोकं किंचित सरकणारे वॉबल बोल्ट मिळतात, ते नेमके अशा एक-दोन मिलिमीटरसाठीच असतात. मला स्वतःला पटत नाहीत, पण चांगल्या प्रतीचे असले तर साध्या बोल्टपेक्षा बरे. मारुती ८०० वाल्यांना त्यांचाही उपयोग नाही; तिचा पीसीडी ११४.३, १०० ची रिम लावायची तर हब आणि रिमच्या मधे दोन्ही मापांची भोकं असलेल्या चकतीसारखा जाड अडॅप्टर आला. त्याने चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण वाढतो, वळताना टायर मडगार्डला घासतो ते वेगळंच.

दुकानदारांना एकच विनंती. रिमच्या बिलावर पीसीडी आणि मधल्या भोकाचं माप लिहून द्या. फियाटच्या हबचा मधला उंचवटा ५८.१ चा, बाजारातल्या पुष्कळ अलॉयचं मधलं भोक ७३.१ चं, ती पोकळी भरायला ॲल्युमिनियमची रिंग लागते. ती मी करून देतो आणि ते काम आनंदाने घेतो. गिऱ्हाइकांनीही घरी मोजावं : चार बोल्टच्या रिमला एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जे भरेल तो पीसीडी. शाळेतली पट्टी मात्र नको, व्हर्निअर घ्या.

माझ्या गाडीला पुढे वर्षभर लोखंडी चाकंच होती. मग कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालात ९८ च्या चार अलॉय सापडल्या, एक जरा ठोकरलेली. तिथेच फूटपाथवर उकिडवा बसून चारही मोजल्या. विकणारा हसत होता, हसू दे म्हटलं.

आपला,
उद्यमनगरातला एक टर्नर, कोल्हापूर