सूचना: रविवारच्या सिंहगड रनआधी व्हेस्ट आणि बूट तपासा

मंडळी, येत्या रविवारी पहाटे ५.३० वाजता आतकरवाडीत, गडाच्या पायथ्याशी जमायचं आहे. दोनदा चढ-उतार. प्रत्येकाकडे स्वतःचं किमान १ लिटर पाणी हवंच. नसेल त्याला वर सोडणार नाही.

नवी व्हेस्ट (धावताना पाणी सोबत न्यायला अंगात घालायची, जाकिटासारखी पिशवी) घेताय? छातीचं माप घेऊन साइज ठरवा आणि दुकानातच भरलेल्या बाटल्या घालून जागेवर धावून बघा. रिकामी व्हेस्ट सगळ्यांनाच छान बसते! पट्टे आवळूनही उडत असेल तर लहान साइज बघा, पण छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. सॉफ्ट फ्लास्कमधली (व्हेस्टच्या मऊ बाटलीतली) हवा दाबून काढली की पाणी डुचमळत नाही.

जुनं सामान शनिवारीच बघून ठेवा:

- ब्लॅडरच्या (व्हेस्टमधल्या पाण्याच्या पिशवीच्या) नळीत काळे ठिपके आणि घासूनही जात नाहीत? नळी बदला.
- बूट साधारण ५०० ते ८०० किमी टिकतात. पण तळाच्या खाचा झिजल्या असतील तर किलोमीटर मोजत बसू नका. उतारावरच्या सुट्या मुरमावर पाय हमखास सटकतो.

शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका. जास्तीची व्हेस्ट असेल तर आणा, नव्यांना घालून बघता येईल.