बाबांचे ३४ टक्के आणि आईचे पाय

ती. बाबा आणि आई,

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "हां हां, बघू" म्हणतात आणि मागे बातम्यांचा आवाज वाढतो, म्हणून टाईपच करतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, शेवटचं तर नक्कीच.

दिवाळीत तो वजनकाटा मीच आणला, चूक माझी. तुम्ही रोज सकाळी ॲपचा स्क्रीनशॉट टाकता, मी न बघताच अंगठा पाठवते, की झालं. परवा आई म्हणाली बाबांनी शेंगा चटणी बंद केली, भाकरी अर्ध्यावर आणली, का तर काट्याने फॅट ३४.१ दाखवलं. अहो बाबा, आदल्या रात्रीचा तुमचाच स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, त्यात ३१.२ आहे. वजन ७८. म्हणजे रात्री झोपलात आणि झोपेत सव्वादोन किलो चरबी चढली? किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, पुढचा हिशोब तुम्हीच करा, जन्म बँकेत गेलाय तुमचा.

काटा चरबी मोजतच नाही हो. पायाखालच्या त्या चकत्यांतून अगदी बारीक करंट एका पायाने वर चढतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो, पाणी असेल तिथून सुळकन जातो, चरबीत अडतो. किती अडला एवढंच काट्याला कळतं, बाकी सगळं मी ॲपमध्ये भरलेलं वय, उंची, पुरुष की बाई हे घालून केलेलं गणित. भाऊबीजेला गंमत म्हणून तुमचं वय ७१ चं ४१ केलं होतं, आठवतंय? लगेच चार टक्के उतरले आणि तुम्ही खूश होऊन अजून एक लाडू उचललात. ते "बॉडी एज ७६" पण त्याच गणिताचं पिल्लू आहे, त्यावरून दोन दिवस तोंड पाडून बसायची काही गरज नव्हती.

त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा. रात्रभर घाम जातो, उठल्यावर घोटभर पाणीही न पिता तुम्ही काट्यावर, अंग सुकलेलं, करंट जास्त अडतो आणि काटा म्हणतो चरबी वाढली. वर तुमच्या टाचा! भेगा पडून नुसत्या खडबडीत झाल्यात, चकतीला नीट टेकतही नसतील. आणि शहाबादी फरशीवर काटा डुगडुगतो म्हणून खाली चादरीची घडी घातलीय म्हणे, त्याने तर साधं वजनसुद्धा चुकतं की ओ. हॉलमध्ये टाईल्स आहेत, तिथे ठेवा. वजन तो बरं दाखवतो, आठवड्यातून एकदा तेवढंच बघा.

बाबा, तुमची अडचण पोटाची आहे आणि करंट पायांतच जास्त फिरतो, पोटाचा बराचसा अंदाजच. आईच्या शिलाई मशीनच्या खणात टेप आहे, ती बेंबीपाशी धरा, पोट आत न ओढता (मी ओळखते तुम्हाला). आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या आत असावं म्हणतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आहेत ना, डायबेटीसवाले, त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण चांगल्या मशीनवर मोजलं तर युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखं असून माणसामाणसात एवढा फरक, मग त्या काट्यातलं गणित कुठल्या लोकांना मोजून बसवलंय कोणास ठाऊक, आपल्याला ते किती लागू पडणार. चटणी खा, बेताने खा, पण उपाशी राहून या वयात मसल घालवू नका. आणि हो, शेजारच्या काकांना पेसमेकर आहे, त्यांना हौसेने त्या काट्यावर उभं करू नका.

आता आई, तुझं. खरं तर पत्र यासाठीच लिहितेय.

तू गेल्या रविवारी खुशीत सांगितलंस, वजन दोन किलो वाढलं पण फॅट कमी झालं आणि मसल वाढले, "बघ, म्हातारपणी पैलवान झाले." मी पण हसले. रात्री झोपताना डोक्यात आलं की आठवड्यात काहीही न करता चौसष्टाव्या वर्षी मसल कसे वाढतील गं? पायात पाणी साठलं की करंट सुळकन जातो आणि काटा त्यालाच मसल समजतो. मग व्हिडिओ कॉलचं आठवलं, तू पाय वर घेऊन बसली होतीस, पैंजण घोट्यात रुतलं होतं आणि तू म्हणालीस उन्हाने होतं असं.

बाबांच्या वाईट आकड्याचं मला काही वाटत नाही, तुझ्या चांगल्या आकड्याची भीती वाटतेय. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली ना, अमलोडिपीन असेल तर तिनेही सूज येते. पण हृदय, किडनी हेही बघायला लागतं, म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखव, स्ट्रिप सोबत ने. रात्री आडवं झाल्यावर दम लागून दोन उशा लागतात का, गच्चीचा जिना चढताना धाप लागते का, हे बाबांना खरं सांग, मला सांगतेस तसं "काही नाही गं" नको. तसं असेल तर माझी वाट न बघता त्याच दिवशी जा. नाहीतर शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने मी येतेच आहे, शनिवारी सकाळी मिळून जाऊ.

बाबा, आज जेवण झाल्यावर आईच्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि काढा. खड्डा पडतो का, किती वेळ राहतो ते मला लगेच मेसेज करा, स्क्रीनशॉट नको.

तुमची
ताई