सायकलचं वजन छापता, टायरचा आकडाही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर सायकलींच्या बातम्या आणि नव्या साहित्याची ओळख नियमित येते, याचा मला मनापासून आनंद आहे. शर्यतींचे निकाल मी चवीने वाचते. स्लोव्हेनियाच्या तादे पोगाचारने २०२४ मध्ये इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि जागतिक अजिंक्यपद अशा तिन्ही शर्यती जिंकल्या, तेव्हा तर सकाळी आधी तेच पान उघडायचे. माझी तक्रार आहे ती नव्या सायकलींच्या परिचयाबद्दल. त्यात वजन असतं, रंग असतो, गिअर बॅटरीवर पडतात की केबलवर हेही असतं. पण त्याच सायकलवर सामान लादून आठ-पंधरा दिवस बाहेर पडायचं ज्याच्या मनात आहे, त्याला आधी जे कळायला हवं ते बहुतेक वेळा नसतंच. मी बरीच वर्षं लांबच्या सफरी करते, बरोबरच्या मंडळींची चाकंही बांधून देते, म्हणून हे हक्काने लिहिते आहे.

टायरचंच बघा. एका सफरीत आमच्यातल्या एका मुलाचा मागचा टायर बाजूने चिरला. मी मागून पोचले तोवर त्याने जवळच्या वस्तीतून सव्वीस इंची टायर पैदा केला होता आणि लिव्हर घेऊन तो रिमवर चढवायची झटापट चालली होती. टायर काही बसेना. "ताई, दोन्हीवर सव्वीसच लिहिलंय की!" तो अगदी रडकुंडीला आला होता. लिहिलं होतं ते खरंच. जुन्यावर २६ × १ ३/८, नव्यावर २६ × १.९५. पण टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा उमटवलेला असतो. जुन्यावर तो होता ३७-५९० आणि नव्यावर ५०-५५९. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा, टायरची कड रिमवर जिथे बसते तिथल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ३१ मिलिमीटरचा फरक कितीही जोर लावला तरी भरून निघत नाही. टूथपेस्टची रिकामी ट्यूब कापून तिचा तुकडा चिरेच्या आतून लावला, चिरेपेक्षा सगळीकडून बोटभर मोठा. हवा नेहमीपेक्षा कमी भरली आणि सावकाश पुढे निघालो.

इंचांचा हा घोळ सव्वीसपुरता नाही. जुन्या सत्तावीस इंची टायरचा व्यास ६३०, तर आताच्या एकोणतीस इंचीचा ६२२. नावाने लहान असलेला टायर प्रत्यक्षात मोठ्या रिमचा! उलट ७०० सी आणि एकोणतीस ही नावं दोन, व्यास एकच. साडेसत्तावीस आणि ६५० बी यांचंही तसंच, दोन्ही ५८४. परिचयात हा एक आकडा असेल तर सायकल घेण्याआधीच माणूस चौकशी करू शकतो, की मी जाणार त्या भागात या मापाचा टायर मिळतो का. शिवाय फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो तेही सांगा. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि खराब रस्त्यावर हातांना, पाठीला त्याने केवढा आराम पडतो! शर्यतवालेसुद्धा २३ मिलिमीटरवरून २८ आणि त्याच्याही पुढे गेले आहेत.

आता गिअर. मागच्या चक्रांत किती दाते जास्त मिळाले आणि गिअर किती झटकन पडतात, यावर आपल्याकडे रकाने भरतात. सफरीवाल्याचा प्रश्न वेगळाच असतो: सर्वांत हलका गिअर कोणता? मी साधा हिशेब मांडते. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा, चढ आठ टक्क्यांचा. पुढे ३४ दाती आणि मागे २८ दाती चक्र असेल, तर मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवताना वेग ताशी साधारण साडेनऊ किलोमीटर होतो आणि त्यासाठी पायांतून २४० वॅटच्या आसपास ताकद काढावी लागते. पुढे २२ आणि मागे ३४ असेल, तर तितकंच पेडल मारून वेग पाच किलोमीटर आणि ताकद १३० वॅटच्या घरात. १३० वॅट हौशी सायकलस्वार बराच वेळ देऊ शकतो. २४० वॅट तासभर देणारे फार थोडे. म्हणजे पहिल्या सायकलवर माणूस गुडघ्यांवर जोर देत, पेडल हळूहळू रेटत चढणार, नाहीतर उतरून ढकलणार. पाय कमी पडत नाहीत, दाते चुकीचे आहेत. आणि तीनशे ग्रॅम वजन घटवल्याचं जे कौतुक होतं, त्याने याच चढावर तासाला दहा सेकंदांच्या आसपास वाचतात. शर्यतीत दहा सेकंद मोलाचे, हे मलाही मान्य आहे. पण तिथेसुद्धा २००० सालापासून सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

मागच्या चाकाबद्दल तर कुणी काही लिहितच नाही. स्पोक तुटतात ते बहुधा मागच्याच चाकाचे आणि तेही चेनच्या बाजूचे. त्या बाजूला चक्रांना जागा द्यायची म्हणून स्पोक जवळजवळ उभे बसतात आणि त्यांना ताणही जास्त द्यावा लागतो. बोटाने छेडून पाहिलं तर दोन बाजूंचा स्वर वेगळा ऐकू येतो. चाक फिरताना प्रत्येक स्पोक खाली आला की क्षणभर सैलावतो, वर गेला की पुन्हा ताणतो. असं लाखो वेळा झालं की हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, जिथे तो वाकवलेला असतो तिथे तो थकून तुटतो. ताण कमी असेल तर जास्तच लवकर. सामान लादणाऱ्याला ३२ किंवा ३६ स्पोक हवेत. एक तुटला तरी चाकातला आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून पुढे जाता येतं. मोजकेच स्पोक असलेल्या सुंदर चाकाचा एक तुटला, तर रिम ब्रेकला किंवा फ्रेमला घासते आणि प्रवास तिथेच थांबतो.

कॅरिअर बसवायला आटे पाडलेली भोकं आहेत का, आणि मागचं चाक पेडलपासून पुरेसं लांब आहे का, हेही लिहायला हवं. चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणारी फ्रेमची नळी, आखूड असला की प्रत्येक फेरीला टाच पिशवीला लागते. ४४० मिलिमीटर आणि त्यावर असेल तर सहसा त्रास होत नाही.

हे सगळं संपादकांनाच का लिहायचं, याला कारण आहे. आज शर्यतीत जे गिअर दिसतात त्यांच्यासाठी आधी भांडले ते सफरीवाले. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, सायकलींचं मासिक चालवत. स्वतः डोंगरांतून हिंडत आणि एकाहून जास्त गिअर का हवेत ते वर्षानुवर्षं मासिकातून मांडत राहिले. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज हेही एका क्रीडा दैनिकाचे संपादकच. त्यांनी आपल्या शर्यतीपासून डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारा भाग, लांब ठेवला. त्यांच्या हातून सूत्रं गेल्यावर, १९३७ मध्ये, टूरमध्ये त्याला परवानगी मिळाली. व्हेलोसिओ ते बघायला नव्हते, १९३० मध्येच ते गेले होते. सायकल कशी असावी हे ठरवण्यात छापील शब्दाचा वाटा एवढा मोठा राहिला आहे.

म्हणून विनंती एवढीच, की प्रत्येक परिचयाच्या चौकटीत वजनाखाली आणखी एक ओळ द्यावी: "टायर ४०-६२२, फ्रेममध्ये ४५ पर्यंत जागा; हलका गिअर पुढे २६, मागे ३६; स्पोक ३२; चेनस्टे ४४५; कॅरिअरची भोकं पुढे-मागे." ही माहिती उत्पादकाच्या तपशीलपत्रकात बहुतेक असतेच. नसेल तर आपल्या प्रतिनिधीने ती मागून घ्यावी, आणि तरीही मिळाली नाही तर "उत्पादकाने दिली नाही" असं स्वच्छ छापावं.

आपली नियमित वाचक,
एक सायकलप्रवासी