सिंथ घेण्याआधी दोन्ही हात मोजून बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी बघितली. चार सिंथची (विजेच्या सर्किटने आवाज घडवणाऱ्या वाद्यांची) नावं आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न: "बाबा, हा खरा ॲनालॉग आहे का?" म्हणजे आवाज आकड्यांच्या गणिताने नाही, थेट सर्किटमध्ये घडतो का. माझं निम्मं आयुष्य सर्किट बोर्डांवर डाग देण्यात गेलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला हे कळतं. पण सिंथ घेताना मी तो सगळ्यात शेवटी विचारेन. त्याआधी विचारेन, तू वाजवतेस तेव्हा दोन्ही हात मिळून एका वेळी किती सूर धरतात?

आधी तुला हवा असलेला आवाज: लांब धरलेल्या सुरांचा, मागे पसरून राहणारा. तू ज्याला "ऐंशीच्या दशकातला तो मऊ पॅड" म्हणतेस, तो बहुतेक वेळा रोलँडच्या जुनो घराण्यातला असतो. जुनो-60 आला 1982 मध्ये, जुनो-106 आला 1984 मध्ये. दोन्हींत एका वेळी सहा सूर आणि प्रत्येक सुरामागे एकच ऑसिलेटर, म्हणजे मूळ लाट निर्माण करणारा भाग. तोही डीसीओ, म्हणजे त्याचा सूर डिजिटल घड्याळ सांभाळतं, त्यामुळे तो खोलीच्या तापमानाप्रमाणे वर-खाली सरकत नाही. पुढचा फिल्टर (आवाजाचा तीक्ष्णपणा कापणारा भाग) आणि ॲम्प्लिफायर मात्र अस्सल ॲनालॉग. जुन्या यंत्राचा सूर हलतो म्हणून तो गोड, असं जे सगळीकडे ऐकतेस, ते मिनीमूगसारख्या, असं घड्याळ नसलेल्या यंत्रांना लागू आहे. जुनोला नाही.

मग जुनोत जादू कशाची? माझ्या मते निम्मी तरी त्याच्या कोरसची. एकच आवाज दोन विलंब-चिपांमधून जातो. दोन्हींतला विलंब सतत उलटसुलट कमी-जास्त होत राहतो, आणि एक धार डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात पडते. पेटीत एकाच सुराच्या दोन रीड किंचित वेगळ्या लावल्या की जो थरथरता भरदारपणा येतो, तशीच ही गंमत. एका ऑसिलेटरचा रोडका सूर त्यामुळे खोलीभर पसरतो. त्याबरोबर "सस्स" असा खरखराटही येतो. मूळ यंत्रात तो चांगला ऐकू येतो आणि रसिक लोक त्याच्यावरही जीव टाकतात. मी नाही टाकत.

जुना 106 च मिळवावा का, हे तू हळूच शेवटी विचारलं आहेस. मिळेल, पण तो जवळजवळ मीटरभर लांब आणि 10 किलोचा आहे, तुझ्या टेबलावर मग वही ठेवायलाही जागा उरणार नाही. त्याहून मोठी अडचण आतली आहे. त्यात प्रत्येक व्हॉइसला (एका वेळी एक सूर वाजवणाऱ्या सर्किटला) 80017ए नावाची एक चिप असते. तिच्यावर इपॉक्सीचं काळं आवरण असतं, वर्षांनुवर्षांनी ते आवरणच तिला दगा देतं आणि व्हॉइस करकरतो, अडकतो किंवा मुका होतो. दुरुस्ती करणारे ती चिप काढून ॲसिटोनमध्ये बुडवतात, आवरण विरघळवतात आणि पुन्हा बसवतात. किंवा नवीन बनावटीची चिप घालतात. मला हे काम आवडेल. पण तुला वाजवायचं आहे, बाबांना डाग द्यायला लावायचं नाही. तरीही कुठे बघायला गेलीस तर ओळीने सहा वेगवेगळे सूर दाब आणि प्रत्येक नीट ऐक. सहातला एक वेगळा बोलला तर समजून जा.

आता छोट्या खोक्यांकडे. जेयू-06ए हा रोलँडचा 2019 चा बुटीक मालिकेतला डबा. रुंदी 30 सेंटिमीटर, वजन किलोच्या आसपास, पेन्सिल सेलवरही चालतो. एका बटणाने 60 चा स्वभाव, एका बटणाने 106 चा. हा डिजिटल आहे. पण यात जुन्या यंत्राचे सूर रेकॉर्ड करून ठेवलेले नाहीत. मूळ सर्किटचा एकेक भाग कसा वागतो याचं गणित आत सतत चालू असतं. म्हणून फिल्टर सरकवला की आवाज मूळ यंत्रासारखाच वळतो, नुसत्या सॅम्पलमध्ये (रेकॉर्ड केलेल्या सुरात) ते तसं जमत नाही. हे गणित प्रोसेसरला जड जातं. त्याचीच किंमत म्हणून यात व्हॉइस चारच.

घोडं पेंड खातं ते इथे. तू डाव्या हाताने षड्ज-पंचम धरतेस आणि उजव्याने तीन सुरांची कॉर्ड. झाले पाच. चार व्हॉइसच्या यंत्रावर पाचवा सूर आला की आधीच्या चौघांतला एक बंद पडतो. त्यात पॅडचा रिलीज लांब असतो, म्हणजे पट्टी सोडल्यावरही सूर मागे रेंगाळतो आणि तोही एक व्हॉइस अडवून बसतो. दुकानात गेलीस की हे करून बघ: रिलीजचा स्लायडर वर ने, ए मायनर धर, सोड आणि लगेच जी मेजर दाब. ए मायनरची शेपटी मध्येच कापली जाते का ते ऐक. सस्टेन पेडल लावलंस तर ते आणखी ढळढळीत कळेल. डेमोमध्ये हे कधी जाणवत नाही, कारण डेमो वाजवणारे तीन सुरांवर वाजवतात आणि वर भरपूर रिव्हर्ब (मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम) ओततात. तो उपाय तूही करू शकतेस: रिलीज आखूड ठेवायचा, रेंगाळणं रिव्हर्बवर सोपवायचं आणि डाव्या हाताने एकच सूर. दोन डबे साखळीने जोडून आठ व्हॉइसही करता येतात, पण मग छोट्या यंत्राचा मुद्दाच राहिला नाही.

कोर्गचा मिनीलॉग 2016 चा. हा खरोखर ॲनालॉग, प्रत्येक व्हॉइसला दोन ऑसिलेटर, 37 बारीक पट्ट्या आणि लाटेचा आकार दाखवणारा छोटा पडदा. शिकायला तो पडदा फार चांगला: फिल्टर बंद करत नेलास की लाटेचे कोपरे गोल होताना दिसतात. व्हॉइस इथेही चारच, आणि कोरस मुळातच नाही. म्हणजे बघ, "खरा" ॲनालॉग असूनही तुला हव्या त्या आवाजापासून लांब.

यामाहाचा रिफेस सीएस 2015 चा, डिजिटल, आठ व्हॉइस. कोरस आहे, अंगचे स्पीकर आहेत, सेलवर चालतो. तुझ्या पाच सुरांना तो सहज पुरेल. आवाज जुनोचा नाही, यामाहाच्या जुन्या सीएस घराण्याच्या वळणाचा आहे, पण मऊ पॅड त्यातून छान निघतो. याची एक गोष्ट अनेकांना खटकते: यात आवाज साठवता येत नाही, त्यासाठी मोबाइलवरचं ॲप लागतं. मला तीच आवडते. स्लायडर जिथे आहेत तोच आवाज, रोज नव्याने घडवावा लागतो आणि कान तयार होतो. स्टेजवर मात्र दोन गाण्यांच्या मध्ये घाम फुटेल.

चौथं नाव बेरिंजरच्या मॉडेल डीचं. ती 1970 च्या मिनीमूगची ॲनालॉग नक्कल आहे. तीन ऑसिलेटर, शिडीसारख्या रचनेचा जाडजूड फिल्टर, बेस वाजवावा तर त्यावरच. पण एका वेळी एकच सूर. पॅडसाठी तो यादीत आला कसा, मला कळलं नाही.

डिजिटल डबा ऐकायला बसशील तेव्हा प्रीसेट (आधीच बनवून ठेवलेले आवाज) पालटत बसू नकोस. हेडफोन लाव, कोरस बंद कर, कारण कोरस सगळं झाकतो. रेझोनन्स (फिल्टरची कड टोकदार करणारा स्लायडर) वर ने आणि कटऑफ (फिल्टर कुठून कापायला लागतो ते ठरवणारा) अगदी सावकाश सरकव. आवाज सलग वळला पाहिजे, टप्प्याटप्प्याने तुटत गेला तर तो तुटकपणा रोज ऐकावा लागेल. मग सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी) लाट घेऊन सगळ्यात वरच्या सप्तकात जा आणि पिचबेंड, म्हणजे सूर वाकवायची सोय, वर ढकल. मूळ सूर चढत असताना मागे एखादा पुसट सूर उलटा खाली उतरताना ऐकू आला, तर गणित तोकडं पडतंय.

हातांचंही बघ. जेयू-06ए चे स्लायडर आखूड आहेत, एवढ्या अंतरात कटऑफ नेमका थांबवायला बोटाला सवय लागते. याला जोडता येणारा 25 बारीक पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड घेऊ नकोस. तुझा 61 पट्ट्यांचा आहे तो वापर.

माझं मत विचारशील तर: तो जुनोचाच आवाज हवा असेल आणि डावा हात आवरता येत असेल, तर जेयू-06ए. डावा हात आवरणार नसेल, आणि मला वाटतं नाही आवरणार, तर रिफेस. दोन्हींत डिजिटल असल्याचा कमीपणा मला वाटत नाही.

आणखी एक. जेयू-06ए च्या यूएसबीत तुझा कीबोर्ड थेट खुपसून काही वाजणार नाही. ते भोक कॉम्प्युटरसाठी आहे. तुझ्या कीबोर्डच्या मागे पाच पिनांचं गोल मिडी आउट (कुठली पट्टी दाबली ते सिंथला कळवणारं भोक) आहे का ते आधी बघ आणि फोटो पाठव. नसेल तर मध्ये लॅपटॉप ठेवावा लागेल आणि मग लॅपटॉपच्या चार्जरमुळे गुणगुण येऊ शकते. ती आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, थांबली तर दोष त्या वायरिंगचा. त्याचं आउटपुटही छोट्या 3.5 मिमी जॅकचं आहे, म्हणजे तिथून दोन पाव इंची मोनो पिनांत जाणारी केबल लागेल. ती मी करून पाठवतो, विकत घेऊ नकोस.

तुझा,
बाबा